फर्मान आणि ठराव

मराठीत आपण 'तंबाखू' म्हणतो, उर्दूत 'तंबाकू'. शब्द जवळपास एकच आहे, कारण ही वस्तू दोन्ही भाषांच्या घरी पाहुणी म्हणूनच आली. तिचे मूळ अमेरिका खंडात. पोर्तुगिजांनी ती जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आणली आणि तेथून ती आपल्या शेजारच्या विजापूरला पोहोचली.

सुमारे १६०४ साली बादशहा अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी आला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली. परत जाताना इतर नजराण्यांबरोबर त्याने तंबाखू आणि एक रत्नजडित हुक्काही नेला. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमाला हे पसंत पडले नाही. दरबारातल्या सरदारांना मात्र चटक लागली. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखू ओढण्यास मनाई करणारे फर्मान काढले. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. फर्मान राजधानीत निघते. चिलीम पेटते ती गल्लीत.

मग गल्लीनेच मनावर घेतले तर? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात असे घडले. ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून नेले, अशा कृष्णवर्णीय लोकांची तेथे मोठी वस्ती आहे. १९९० च्या फेब्रुवारीत आर. जे. रेनॉल्ड्स ही कंपनी त्या शहरात 'अपटाउन' नावाची नवी सिगारेट आणणार होती. ती कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी आहे, हे कंपनीने लपवलेही नव्हते. तिच्यात मेंथॉल होते. मेंथॉलमुळे पुदिन्यासारखा गारवा वाटतो, घशाला धूर बोचत नाही आणि नवशिक्याला तो सहज ओढता येतो. वस्तीतले धर्मगुरू, डॉक्टर, कार्यकर्ते एकत्र आले. अमेरिकेचे तेव्हाचे आरोग्यमंत्री लुई सलिव्हन हे स्वतः कृष्णवर्णीय डॉक्टर. त्यांनीही कंपनीला जाहीरपणे सुनावले. जानेवारी संपण्याआधीच कंपनीने बेत सोडला. ती सिगारेट दुकानात आलीच नाही. या लोकांचा राग सिगारेट ओढणाऱ्या शेजाऱ्यावर नव्हता. आमच्याच वस्तीवर तुमचा डोळा का, एवढाच त्यांचा सवाल होता. मला तो फार मोलाचा वाटतो.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम चालले आहे. गडचिरोली जिल्ह्यात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून 'खर्रा' करतात. तो लहान मुलेही खातात. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था तेथे १९८६ पासून काम करते. लोकांच्या चळवळीमुळे १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०१६ साली 'मुक्तिपथ' हा उपक्रम सुरू झाला. त्यात दारूबरोबर तंबाखूही आली. गावातल्या बाया संघटना करतात, ग्रामसभेत ठराव होतो आणि दुकानदाराला तो समजावून सांगितला जातो. दुकानदारही गावचाच असतो. त्यामुळे पोलिसांना चुकवणे सोपे, पण रोज भेटणाऱ्या चाचीला चुकवणे कठीण!

मैंदर्गीसारख्या आपल्या गावालाही कायद्याचा आधार आहे. २००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे नव्वद मीटरांत, तिची विक्री करता येत नाही. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, घास घेणेही अवघड होते. हे अंतर कोणी मोजायचे? शिक्षक, पालक, मशिदीचे इमामसाहेब, नगरपरिषदेचे सदस्य आणि तुम्ही मुले मिळून ते मोजू शकता. एक लांब दोरी पुरे.

आता एक अवघड गोष्ट. आपल्या सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळून संसार चालवतात. त्यांपैकी अनेकींची घरची भाषा तेलुगू आहे. तंबाखूची धूळ रोज त्यांच्या श्वासात जाते. अशा कामगारांनी दीर्घ लढा देऊन कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत मिळवली. २००६ साली घरांच्या किल्ल्या हाती आल्या. विडी ओढू नका असे म्हणताना या बायांची आठवण ठेवली पाहिजे. विडी बंद झाली तर त्यांच्या हातांना दुसरे काम कोण देणार, हा प्रश्न सोलापुरात अजून सुटलेला नाही.