शून्यही खोटं बोलतं

सातपूर, नाशिक

चि. सोनूस,


परवा फोनवर म्हणालीस, “प्रोग्राम चालतो, फक्त किंमत न दिलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग येते. शून्य टाकलं की जाते.” तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

सी भाषेत किंमत दिली नाही तर ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल शून्यापासून सुरू होतात. फंक्शनमधल्या साध्या लोकल व्हेरिएबलमध्ये मात्र तू भरशील तेव्हाच ठरलेलं काही असतं. तोवर तिथे काय सापडेल, याचा भरवसा नाही. आज चाललेला प्रोग्राम ऑप्टिमायझेशन बदलताच उद्या भलतंच करू शकतो.

मग शून्य टाकलं तर काय बिघडलं? ऐक. द्राक्षांच्या शीतगृहाचा कंट्रोलर लिहिताना मीही तेच केलं होतं. सेन्सरने उत्तर दिलं तर तापमान भरायचं. नाही दिलं तर काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. कंपायलर नेमकं तेच विचारत होता. मी शून्य टाकून मोकळा झालो. द्राक्षं ठेवतात शून्य अंशाच्याच आसपास! चाचणीत सेन्सरची वायर काढली, तर पडद्यावर शून्य, कॉम्प्रेसर बंद, आणि खोली तापत चाललेली. ऐन हंगामात हे झालं असतं तर कुणा शेतकऱ्याचं वर्षभराचं कष्टाचं पीक गेलं असतं.

वॉर्निंग नुसती गप्प करण्याची चूक मोठ्यांनीही केली आहे. २००६ मध्ये डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीत, व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या टूलची अशीच तक्रार मिटवताना यादृच्छिकता मिसळणारी ओळ काढली गेली. मे २००८ मध्ये उघड झालं, की त्यामुळे एका प्रकारच्या आणि लांबीच्या शक्य एन्क्रिप्शन किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास उरल्या होत्या.

म्हणून जीसीसी कंपायलरला ‘-Wall’बरोबर ‘-O2’ही देत जा; ‘कदाचित किंमत नसेल’ ही वॉर्निंग ऑप्टिमायझेशनशिवाय बहुधा दिसतच नाही. वॉर्निंग आली की किंमत न भरताच पुढे जाणारी रिकामी वाट शोध: एल्स नसलेला इफ, डिफॉल्ट नसलेला स्विच, एकदाही न फिरणारा लूप. तिथे काय व्हायला हवं ते ठरव, मग लिही. बेरीज शून्यापासूनच सुरू होते, तिथे शून्य खुशाल टाक. वाट खरोखर अशक्य असेल, तर कंपायलरलाही ते दिसेल अशी मांडणी कर.

गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघतो आणि काठावरची दुकानं वेळेत रिकामी होतात. वॉर्निंगकडे तसं बघ.

तुझ्या त्या फंक्शनमधल्या सगळ्या वाटा कागदावर काढून मला पाठव.

तुझा,
मामा