विक्रांतचे पोलाद : विमानवाहू नौकेचा खर्च आणि उपयोग

प्रास्ताविक



आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने २०१६ मध्ये 'व्ही' नावाची मोटारसायकल बाजारात आणली. तिच्या इंधनटाकीत 'विक्रांत' या मोडीत निघालेल्या विमानवाहू नौकेचे पोलाद वितळवून वापरले होते आणि जाहिरातीचा सारा भर त्यावरच होता. पिंपरी-चिंचवड किंवा चाकण परिसरात नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या आपल्यापैकी काहींनी ती गाडी चालवलीही असेल. जी नौका ३६ वर्षे भारतीय नौदलात होती आणि जिने १९७१ च्या युद्धात भाग घेतला, ती २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना भंगार म्हणून विकली गेली आणि मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली.

अशा नौकेची किंमत कशी मोजावी, हा या घटकाचा प्रश्न आहे. भंगाराचा भाव ही तिची किंमत नव्हे, हे उघड आहे. पण तिच्या खरेदीचा आकडाही तिची खरी किंमत नव्हे, हे तितके उघड नाही. म्हणून तेथूनच सुरुवात करू.

खरेदीची किंमत आणि बाळगण्याचा खर्च

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात नवा प्रेस बसवला जातो, तेव्हा खरेदीखात्याला त्याची किंमत ठाऊक असते. देखभाल विभागाला त्याचा खर्च ठाऊक असतो. या दोन आकड्यांत किती अंतर पडते, हे आपल्याला सांगावयास नको. विमानवाहू नौकेच्या बाबतीत हेच अंतर कितीतरी पटींनी वाढते.

'विक्रमादित्य'चे उदाहरण घ्या. रशियाच्या 'ॲडमिरल गोर्शकोव्ह' या जुन्या नौकेचा करार जानेवारी २००४ मध्ये झाला. नौकेचा सांगाडा फुकट मिळणार होता. पैसे द्यायचे होते ते दुरुस्तीचे आणि नव्या रचनेचे, ९७.४ कोटी डॉलर. काम सुरू झाल्यावर बदलावयाच्या तारा आणि यंत्रसामग्री अपेक्षेपेक्षा फारच अधिक निघाली. २०१० मध्ये रक्कम सुमारे २३५ कोटी डॉलरवर गेली. नौका २००८ मध्ये मिळणार होती, ती नोव्हेंबर २०१३ मध्ये दाखल झाली. मध्यंतरी २०१२ च्या चाचण्यांत तिचे बॉयलर उष्णतारोधक विटांच्या दोषामुळे बंद पडले. फुकटाच्या वस्तूइतकी महाग वस्तू नाही, असे व्यवहारात म्हणतात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००९ च्या अहवालात अधिक सभ्य शब्दांत जवळपास हेच म्हटले होते.

दुसरे उदाहरण आजच्या 'विक्रांत'चे. कोचीन शिपयार्डमध्ये बांधलेली ही नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. तिचा बांधणीखर्च सुमारे २०,००० कोटी रुपये. पण विमानाशिवाय विमानवाहू नौका म्हणजे समुद्रात तरंगणारे मोकळे मैदान. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ 'राफाल-एम' विमानांचा करार झाला, तो सुमारे ६३,००० कोटींचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. मात्र तुलना करताना एक सावधगिरी बाळगावी : विमानांच्या रकमेत प्रशिक्षण, शस्त्रे व देखभालीचा काही भाग धरलेला आहे, आणि नौकेवरचा खर्च दशकभराहून अधिक काळात विभागून झालेला आहे. भिन्न वर्षांचे रुपये शेजारी मांडले की ते सारखे दिसतात. ते सारखे नसतात. परीक्षेतील उत्तरात आकडे देताना त्यांच्यासोबत वर्ष देण्याची सवय लावावी.

विमाने विकत घेतली तरी ती उड्डाणासाठी सज्ज असतीलच असे नाही. याच नौकांसाठी घेतलेल्या मिग-२९के विमानांविषयी महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात सुसज्जतेचे प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्के नोंदवलेले आहे. ज्यांच्या पाळीप्रमुखाला यंत्राच्या चालू वेळेचा हिशेब रोज द्यावा लागतो, त्यांना या टक्केवारीचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

पुढचा खर्च सोबतच्या नौकांचा. विमानवाहू नौका एकटी कधीही फिरत नाही. तिच्याभोवती विनाशिका, फ्रिगेट, पाणबुडी आणि इंधन पुरवणारे टँकर जहाज असा ताफा लागतो. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या 'विशाखापट्टणम', 'मुरगाव', 'इंफाळ' आणि 'सुरत' या चार विनाशिकांचा प्रकल्प सुमारे ३५,००० कोटींचा होता. या नौका इतर कामेही करतात, म्हणून तो सर्व खर्च विमानवाहू नौकेच्या नावे टाकणे अन्यायाचे होईल. तरी विमानवाहू नौका समुद्रात गेली की त्यांपैकी काही तिच्याच दिमतीस बांधल्या जातात.

शिवाय माणसे. नव्या 'विक्रांत'वर सुमारे १६०० अधिकारी व नौसैनिक असतात. यंत्रशाखेच्या नौसैनिकांना तयार करणारी संस्था पिंपरीहून फार दूर नाही. जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने लोणावळ्याला गेल्यास तेथे 'आयएनएस शिवाजी' हे नाव दिसते. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर उभी असलेली ही 'नौका' म्हणजे १९४५ पासून नौदलाच्या अभियंत्यांचे व तंत्रज्ञांचे विद्यालय आहे. नौकेच्या खर्चात हे विद्यालय कोणी धरत नाही, पण त्यावाचून नौकेचे यंत्र फिरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एक नौका समुद्रात सदैव हवी असेल, तर सामान्यतः तीन नौका लागतात असे मानले जाते : एक कामावर, एक मोठ्या दुरुस्तीत, एक दुरुस्तीनंतरच्या चाचण्यांत व सरावात. भारताने हा धडा अनुभवाने घेतला. १९६५ चे युद्ध सुरू झाले तेव्हा देशाकडे एकच विमानवाहू नौका होती, आणि ती मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी उभी होती.

१९७१ : उपयोगाचा पुरावा

त्यानंतर सहा वर्षांनी तीच 'विक्रांत' युद्धात उतरली, पण धडधाकट अवस्थेत नव्हे. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. वेग मर्यादित होता, आणि हिवाळ्यात बंगालच्या उपसागरावर वारा मंद असतो. विमानाला उड्डाणासाठी समोरून वारा लागतो. तो निसर्गाने दिला नाही तर नौकेने वेगाने धावून निर्माण करावा लागतो. म्हणून तिला युद्धात उतरवावे की नाही, याविषयी नौदलातच मतभेद होते. अखेर तिला पूर्व किनाऱ्याकडे पाठवण्यात आले, कारण तेथे पाकिस्तानची हवाई ताकद अत्यल्प होती.

४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरील सी-हॉक विमानांनी कॉक्स बाझार आणि चितगाव येथे हल्ले केले. पुढील दिवसांत खुलना, मोंगला या बंदरांकडेही विमाने गेली. पूर्व पाकिस्तानची सागरी वाट बंद झाली. तिच्या सोबतच्या नौकांपैकी 'कामोर्टा'वर होते मनोहर आवटी. पुढे व्हाइस ॲडमिरल होऊन निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी ते स्थायिक झाले.

'विक्रांत'चा आणखी एक उपयोग झाला, जो कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नव्हता. तिचा शोध घेत पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमपर्यंत आली. नौका मात्र अंदमानकडे सुरक्षित होती. ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री 'गाझी' बुडाली. विमानवाहू नौका शत्रूला खेचून आणते. हा तिचा गुण आहे आणि दोषही.

पण याच युद्धाची दुसरी बाजू वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला तो 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या लहान क्षेपणास्त्र नौकांनी. विक्रांतच्या तुलनेत त्या होड्याच म्हणाव्या लागतील. उलट ९ डिसेंबरला दीवजवळ 'खुकरी' ही आपली फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. पश्चिमेच्या समुद्रात पाणबुड्यांचा धोका किती खरा होता, हे त्या एका घटनेने दाखवले. 'विक्रांत' तेथे असती तर काय झाले असते, याचे उत्तर सुखद असेलच असे नाही. म्हणजे १९७१ चा पुरावा विमानवाहू नौकेच्या बाजूने आहे, पण विशिष्ट समुद्रात आणि विशिष्ट शत्रूपुढे. हा उत्तरार्ध बहुतेक गौरवलेखांत गळून पडतो.

त्याच पैशात दुसरे काय?

अर्थशास्त्रात ज्याला संधित्याग खर्च म्हणतात, तो येथे विचारात घ्यावा लागतो. माझगाव गोदीत बांधलेल्या 'कलवरी' वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा प्रकल्प सुमारे २३,५०० कोटींचा होता. म्हणजे एका 'विक्रांत'च्या किमतीत सुमारे पाच पाणबुड्या. तत्कालीन संरक्षणदल प्रमुख जनरल बिपिन रावत यांनी २०२० मध्ये तिसऱ्या विमानवाहू नौकेपेक्षा पाणबुड्यांना अग्रक्रम देण्याकडे कल दर्शवला होता. नौदलाचे म्हणणे वेगळे होते : पाणबुडी समुद्र नाकारू शकते, पण समुद्रावर आपल्या जहाजांसाठी छत धरू शकत नाही. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, कारण दोघे भिन्न कामांविषयी बोलत आहेत.

अमेरिकेने ११ विमानवाहू नौका ठेवाव्यात असे तेथील कायदाच सांगतो. त्यांतील 'जेराल्ड फोर्ड' या एकाच नौकेला सुमारे १,३०० कोटी डॉलर लागले. तिचे अनुकरण करणे आपल्याला परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही. चीनने मात्र 'लिओनिंग' (२०१२) आणि 'शानतुंग' (२०१९) यांच्यामागे तिसरीही नौका उभी केली, आणि तिसरीची मागणी करणाऱ्यांचा रोख तिकडेच असतो.

एक युक्तिवाद आपल्या औद्योगिक पट्ट्यात विशेष आवडीने केला जातो : पैसा देशातच राहतो. नव्या 'विक्रांत'चा ७६ टक्के भाग स्वदेशी आहे, तिचे पोलाद भारतातच तयार झाले, आणि किर्लोस्करांसह शेकडो लहानमोठ्या उद्योगांना काम मिळाले, असे सरकारी निवेदनात म्हटले आहे. हे खरे आहे. पण यातून नौकेची उपयुक्तता सिद्ध होत नाही. हाच पैसा एसटीच्या गाड्यांवर किंवा रुग्णालयांच्या यंत्रसामग्रीवर खर्च झाला असता तरीही चाकणला कामे मिळालीच असती. रोजगार हा नौकेचा जोडलाभ आहे. नौका बांधण्याचे कारण तो होऊ शकत नाही. कारण समुद्रावरच शोधावे लागेल.

ते शोधणे अवघड आहे, कारण या नौकेचे मुख्य काम न घडलेल्या गोष्टींत असते. मे २०२५ मधील संघर्षात 'विक्रांत'चा ताफा उत्तर अरबी समुद्रात पुढे नेलेला होता, आणि त्यामुळे पाकिस्तानचे नौदल बचावात्मक पवित्र्यात बंदरांतच राहिले, असे भारतीय नौदलाने सांगितले. नौकेवरून हल्ला झाला नाही. धाक उपयोगी पडला की धाकाची गरजच नव्हती? दोन्ही स्थितींत समुद्र सारखाच शांत दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन नौका कायम सज्ज ठेवणे, म्हणजे त्यांची विमाने, सुटे भाग आणि गोदीतील वेळ यांना पुरेसा पैसा देणे, हे तिसरी नौका अर्धवट सज्ज अवस्थेत दारी झुलवण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. आपले मत वेगळे असू शकेल. ते आकड्यांसह मांडावे.

निवृत्तीनंतर

सेवा संपल्यावरही खर्च संपत नाही. १९९७ मध्ये निवृत्त झालेली जुनी 'विक्रांत' काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. पाण्यात उभे पोलाद गंजत राहिले आणि २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद करावी लागली. 'विराट' २०१७ मध्ये निवृत्त झाली. तिला सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यता दिली होती. योजना कागदावर राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये 'विराट'ला ओढत अलंगला नेण्यात आले.

स्वाध्याय

१. 'खरेदीची किंमत' आणि 'बाळगण्याचा खर्च' यांतील फरक 'विक्रमादित्य'च्या आधारे २०० शब्दांत स्पष्ट करा.

२. १९७१ च्या युद्धातील पूर्व व पश्चिम समुद्रांवरील घटनांची तुलना करून विमानवाहू नौकेच्या उपयुक्ततेविषयी आपले मत मांडा.

३. 'पैसा देशातच राहतो' या युक्तिवादाचे परीक्षण करा.

४. क्षेत्रकार्य : आपल्या कामाच्या ठिकाणचे एखादे मोठे यंत्र निवडा. ते बसवल्यापासून त्यावर देखभाल, सुटे भाग, कारागिरांचे प्रशिक्षण आणि बंद पडलेले तास यांचा किती खर्च झाला, याची माहिती देखभाल विभागातील अनुभवी सहकाऱ्याकडून मिळवा. तो खर्च खरेदीच्या किमतीशेजारी मांडून एक पानाचे टिपण तयार करा व पुढील संपर्कसत्रात सोबत आणा.