वाचकांचे प्रश्न : कोयनेकाठचा पट्टा आणि निळी रेषा

प्रश्न : मलकापूर (ता. कराड) येथे कोयनेच्या काठी आमची वडिलोपार्जित जमीन असून वाटणीत मला रस्त्यापासून थेट नदीपर्यंत गेलेला, जेमतेम 30 फूट रुंदीचा पट्टा आला आहे. शेजारचा पट्टा धाकट्या भावाचा. सेवानिवृत्तीनंतर नदीकडे तोंड करून घर बांधावे असा मानस होता. परंतु काठाकडील बराच भाग निळ्या पूररेषेच्या आत येतो, आणि उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंची सामासिक अंतरे सोडली तर घर आगगाडीच्या डब्यासारखे होते. नगरपरिषदेकडे अर्ज केल्यास नदीपासूनच्या अंतरात सवलत मिळते असे एक स्नेही सांगतात. दुसरे म्हणतात, आधी बांधा, मग दंड भरून नियमित करून घ्या. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, मलकापूर

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. आपल्या पत्रात दोन अडचणी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की, जिच्यावर कायद्यात उपाय आहे ती आपण जाता जाता सांगितली, आणि जिच्यावर तो नाही तिच्यासाठी अर्ज करावयास निघालात.

नदीकाठच्या गावांत वाटणी करताना जमीन आडवी न कापता उभी कापावी, म्हणजे रस्त्याचे टोक आणि पाण्याचे टोक प्रत्येकाच्या वाट्यास येईल, ही आपल्या वाडवडिलांची न्यायबुद्धी. मोट चालत होती आणि ऊस पाजावयाचा होता तोवर ती सर्वथा योग्य होती, परंतु दोनतीन पिढ्यांच्या वाटण्यांनंतर तोच पट्टा लेंग्याच्या नाडीसारखा लांबट होतो, आणि घर बांधावयाच्या वेळी नदीने नव्हे तर आजोबांच्या न्यायबुद्धीने आपली कोंडी केली आहे, हे ध्यानात येते.

प्रथम नदीचा विचार करू. राज्यात 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेली एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आपल्या नगरपरिषदेसही लागू आहे. तीत नदीचा काठ आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध मानला असून तेथे बाग, हिरवळ, खुली जागा, वाहनतळ असल्या गोष्टींपलीकडे नव्या घरास स्थान नाही. निळी व लाल या दोन रेषांमधील पट्ट्यात घर बांधता येते, मात्र जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान 0.45 मीटर उंच घ्यावे लागते. सामान्यतः 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल, असा पाटबंधारे खात्याचा हिशेब आहे. अर्थात 2005, 2019 आणि 2021 हे तीन पूर ज्यांनी एकाच आयुष्यात पाहिले त्यांना ही शंभर वर्षांची भाषा थोडी विनोदी वाटल्यास नवल नाही. शिवाय आपली कोयना ही केवळ पावसाची नदी नव्हे. वर 105 अब्ज घनफूट पाणी साठविणारे धरण आहे, आणि त्याचे दरवाजे उचलले की कराडच्या संगमावर कृष्णा फुगलेली असताना हे पाणी मागे तुंबते, हे मलकापुरात कोणास सांगावयास नको.

आता सवलतीचा प्रश्न. नियमावलीने प्राधिकाऱ्यास स्वेच्छाधिकार दिला आहे खरा : जेथे अडचण ढळढळीत सिद्ध करता येते तेथे तो विहित मोजमापांत फेरबदल करू शकतो. परंतु त्या अधिकारासच अट जोडलेली आहे की, सवलतीने घरातील व शेजारपाजारच्या माणसांच्या आरोग्यास आणि सुरक्षिततेस बाध येता कामा नये. रस्त्याकडील अंतर, चटईक्षेत्र आणि वाहनतळ यांना तर तो हातच लावू शकत नाही. पुराच्या पाण्यापासून राखलेले अंतर हे सुरक्षिततेचेच अंतर असल्यामुळे ‘मला दृश्य हवे’ हे कारण तेथे टिकणार नाही. उलट, वाटणीमुळे पट्टा अरुंद झाला, दोन्ही कडांची सामासिक अंतरे सोडल्यास राहण्याजोगे घरच उरत नाही, आणि एका बाजूचे अंतर कमी केल्याने कोणाचा उजेड-वारा अडत नाही, हे नकाशासह मांडता आले तर तोच अर्ज वजनदार होतो. म्हणून सवलत मागावयाची ती भावाच्या बाजूने, नदीच्या बाजूने नव्हे. भाऊ राजी असल्यास सामाईक भिंतीच्या जोडघरांचा एकत्र नकाशा दाखल करणे हा त्याहूनही सरळ मार्ग. भावाभावांत तो किती सरळ, हे आपण जाणता.

एक सुखद बाब बहुतेक अर्जदारांच्या नजरेतून निसटते. काठ व निळी रेषा यांमधील जमीन आपल्याच भूखंडाचा भाग असेल आणि निवासी विभागात मोडत असेल, तर तिचे चटईक्षेत्र उरलेल्या जागेवर वापरू देण्याची तरतूद आहे. म्हणजे खाली पेरूची झाडे लावावीत, आणि त्या जमिनीचा हक्क वर मजल्याच्या रूपाने घ्यावा; नदीही वरच्या गच्चीतूनच अधिक चांगली दिसते.

रेषाच चुकीची दाखविली आहे असे वाटत असेल तर मात्र तो सवलतीचा नव्हे, वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. मागे अशाच एका जागेवर मी गेलो होतो. मालकांचा ठाम विश्वास होता की पाणी उंबराच्या पारापलीकडे कधी आलेच नाही. खात्याच्या माणसाने पाराशी पट्टी उभी धरून समतलयंत्रातून पाहिले, आकडा लिहिला, आणि न बोलता विहिरीच्या कठड्याकडे बोट केले, तेथे 2019 च्या गाळाची पिवळट रेघ पाराहून वीतभर वर सुकलेली होती. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणि पाटबंधारे खात्याकडून रेषेची पातळी, हे दोन कागद हाती आल्यावाचून वास्तुविशारदास पुढील नकाशा काढू देऊ नये. सातबारा स्वतंत्र झाला आहे का आणि वाटणी तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यात बसते का, हेही तलाठ्याकडे त्याच फेरीत पाहावे.

दुसऱ्या स्नेह्यांच्या सल्ल्याविषयी थोडक्यात. विनापरवाना बांधकाम दंड घेऊन नियमित करण्याची वाट नगररचना अधिनियमाच्या कलम 52-क मध्ये आहे, परंतु त्याखालील 2017 च्या नियमांनी नदी, तलाव आणि निळ्या रेषेच्या आतील बांधकामे त्यातून वगळली आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही 17 डिसेंबर 2024 च्या मीरतच्या प्रकरणात, पैसा गुंतला किंवा काळ लोटला एवढ्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

अर्ज नामंजूर झाला, अथवा जाचक अटींसह मंजूर झाला, तर 1966 च्या त्याच अधिनियमाच्या कलम 47 अन्वये 40 दिवसांत अपील करता येते. मुदत हुकूम आपणास कळविला गेल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणून टपालाचा लिफाफा टाकून न देता हुकुमाला टाचणीने लावून ठेवावा. आणि भावाची संमती घ्याल ती तोंडी किंवा साध्या कागदावर नको, रीतसर मुद्रांकावर घ्यावी, व तीसोबत सामाईक भिंत दाखविणारा नकाशा दोघांच्या सह्यांनिशी जोडावा.