ह्या माजा न्हय

आईबाबांनो, तुमच्याशी बोलायचं तर एका चोरीपासून सुरुवात करावी लागेल. ती मी केली, आणि तीही माझ्याच लेकीच्या वाफ्यात.

आम्ही सिंधुदुर्गात राहतो. घरामागे दोनेक गुंठ्यांचं परडं आहे. माती तांबडी, आणि काही ठिकाणी हातभर खणलं की कुदळ जांभ्यावर खणकन वाजते. पावसाचा मात्र तोटा नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळून जातो. त्यामुळे आमच्याकडे वेलभाज्यांची घाई मृगाला. ७-८ जूनला मृग लागला की सासूबाई चुलीमागच्या भिंतीला थापलेल्या शेणाच्या चकत्या खरवडून काढतात. त्यांत तवशाचं, दोडक्याचं, पडवळाचं बी राखेत घोळून बसवलेलं असतं. वर्षभर धूर खाल्लेल्या त्या बियांना कीड लागत नाही. (तवसं म्हणजे आमची पावसाळी काकडी. चांगली हातभर वाढते, आणि पिकली की किसून गूळ-रव्यात तिचं धोंडस होतं.)

तीन वर्षांपूर्वी लेक सात वर्षांची होती. सासूबाईंनी तिच्या तळहातावर पाच बिया ठेवल्या आणि म्हणाल्या, "औंदा माटवेक तवसा तुजा."

माटवी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात, तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, तवसं, दोडकी, रानातली लालभडक कवंडळं असं काय काय बांधतात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. परड्यात आणि रानात त्या दिवसांत जे धरलेलं असतं, ते देवाच्या डोक्यावर. त्यात आपलं तवसं लागणार म्हटल्यावर पोरीची छाती कशी फुगली असेल, तुम्हीच बघा.

पाचातल्या तीन बिया रुजल्या. दुदळी पानं वर येतात न येतात तोच तांबडे भुंगेरे आले. भोपळावर्गातल्या कोवळ्या रोपांचे हे जुने वैरी. एका सकाळी दोन रोपांची पानं जाळीसारखी झाली होती. आजीने तिला दव असतानाच पानांवर चुलीची राख भुरभुरायला शिकवलं आणि तिसरं रोप वाचलं. ती रोज शाळेतून आली की दप्तर पडवीत टाकून आधी तिकडे जायची. कुठल्या पानाला भोक आहे, कुठला तणावा आज काठीला गुंडाळला, हे तिला पाठ होतं. पाढे नव्हते.

आर्द्रात ती दोन दिवस मामाकडे गेली आणि इकडे पाऊस जो लागला तो थांबेना. वाफ्यात पाणी तुंबलं. मी बघितलं तेव्हा वेल मान टाकून पडला होता, मूळ कुजलेलं. मला पहिला विचार काय आला असेल? तिचं तोंड आठवलं. मी छत्री घेतली, बाजारात गेले, पिशवीत वाढवलेलं काकडीचं रोप विकत आणलं आणि त्याच जागी, त्याच काठीपाशी लावलं. जुना वेल उकिरड्यात पुरला. सासूबाईंनी बघितलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं गप्प बसणं हे बोलण्यापेक्षा जड असतं.

लेक आली तेव्हा म्हणाली, "आई, पानं वेगळी दिसतायत." मी म्हटलं, "मोठा झाला की बदलतात." चोरीवर खोटं चढलं.

यात मी एकटी नाही, एवढं सांगून टाकते. दिवाळीतला किल्ला रात्री जागून कोण लिंपतं? शाळेच्या प्रकल्पातली ती पवनचक्की कोणाच्या हाताने फिरायला लागते? रुसवा, रड, पडलेला चेहरा आपल्याला सोसवत नाही, म्हणून आपण पोरांच्या मागून हात घालतो आणि वर त्याला माया म्हणतो.

असो. तो विकतचा वेल जोमाने वाढला. श्रावणात त्याला फुलं आली. पहिली आली ती सगळी नर, गळून गेली. मग मादी फुलं आली, ज्यांच्या देठाशी आधीपासून बोटाच्या पेराएवढी काकडी असते. संततधार लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, मग ती इवली काकडी पिवळी पडून गळते. त्यावर उपाय सोपा आहे आणि पोरांच्या हाताला फार आवडणारा. सकाळी ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला पराग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने टेकवायचा. लेकीने चार फुलं अशी लावली. दोन धरली.

आठवड्याभरात काकडी वाढली. पण कशी? गर्द हिरवी, सडपातळ, लांब. आमचं घरचं तवसं जाड, फिकट, अंगावर पांढुरके पट्टे असलेलं. लेक वेलापाशी बराच वेळ उभी राहिली. मग पडवीत येऊन आजीसमोर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या माजा न्हय."

आमच्या घरात मुलं आमच्याशी प्रमाण मराठीत बोलतात, मालवणी फक्त आजीशी. तेव्हा ते वाक्य कोणासाठी होतं, हे मला कळलं.

मी सगळं कबूल केलं. आणि मग, आई असल्याने, सारवासारवही केली. "पण फूल तर तूच लावलंस ना?" ती विचार करून म्हणाली, "लावलं. पण बी आजीचं नाही."

यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

बी आजीचं असणं म्हणजे काय, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक असतील, ज्यांना आपण बीजमाता म्हणतो आणि ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेल्या नाहीत. गावठी वाणांचं बी जमवत, राखत, वाटत राहिल्या. मी त्यांच्याविषयी वाचलं होतं, कौतुकही केलं होतं. आणि माझ्याच भिंतीवर थापलेल्या बियांची किंमत मला सात वर्षांच्या पोरीने सांगितली. संकरित बियाण्याला मी नावं ठेवत नाही, त्याने पीक भरपूर येतं. पण त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावलं तर आईबापासारखंच निघेल याचा भरवसा नसतो. म्हणजे भिंतीला थापायला काही उरत नाही.

त्या चतुर्थीला तिने ती काकडी माटवीला लावू दिली नाही. कोशिंबिरीत मात्र खाल्ली, रुसून नव्हे, चांगली दोनदा वाढून घेऊन. माटवीला तिने बांधली ती कवंडळं, काकाबरोबर रानात जाऊन स्वतः तोडलेली. पाच होती. (कवंडळ बघायला देखणं, पण तोंडात घालायचं नाही. आमच्याकडे पोरांना पहिला नियम हाच: आजीने दाखवल्याशिवाय रानातलं काही जिभेवर ठेवायचं नाही. अगदी अळूसुद्धा कोकम-चिंचेशिवाय शिजवलं तर घसा खाजवतं, मग अनोळखी पाल्याची काय कथा.)

आता तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे परडं आहे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खरंय. पण परडं म्हणजे स्वर्ग, अशा समजुतीत राहू नका. आमच्याकडे माकडांची टोळी आली की तासाभरात महिन्याची मेहनत जाते. हिशेब मांडला तर आमची भाजी बाजारापेक्षा महागच पडते. कांदा-बटाटा घाटावरूनच येतो. आणि "स्वतः पिकवलं की मुलं आवडीने खातात" हे जे छापून येतं, ते माझ्या थोरल्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याने दोन वर्षं पडवळ लावलं, दगड बांधून सरळ वाढवलं, शेजाऱ्यांना वाटलं. स्वतः अजून एक घास खाल्लेला नाही.

तरी एक कुंडी द्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला तवसं-भोपळ्यासारखं लांबणीचं काही देऊ नका, तो आमचाच चुकीचा निवाडा होता. आमच्याकडे भातकापणी झाली की कार्तिकात मळ्यात लाल माठ, मुळा पेरतात. माठ तीन-चार आठवड्यांत ताटात येतो. पसरट ट्रेमध्ये मेथी टाकली तर चार-पाच दिवसांत हिरवी दिसते, तेवढी वाट लहान मूल बघू शकतं. कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, आणि धणे हलके रगडून दोन फाकी केले नाहीत तर आणखीही. त्या दहा दिवसांत तुमचं मूल रोज माती उकरून बघणार. बघू द्या. काही बिया त्याच्या उकरण्याने मरतील. मराव्यात.

आणि झाड मेलं, तर त्याच दिवशी सांगा. फोनवर सांगा, मामाकडे असेल तरी सांगा. "तुझा वेल गेला गं, पाणी तुंबलं, मी बघितलं नाही." एवढंच. ती रडली असती तर एक संध्याकाळ रडली असती. आर्द्रात वेल गेला, पुनर्वसूच्या आरंभी दुसरं बी घातलं असतं तरी चतुर्थीपर्यंत एखादं कोवळं तवसं धरलं असतं. भिंतीवर बी शिल्लक होतं. हे मला नंतर सुचलं. तिला तेव्हाच सुचलं असतं. मीच तिला तशी वेळ येऊ दिली नाही.

पुढच्या पावसात तिने पुन्हा पाच बिया घेतल्या, वाफा उंच केला, भोवती चर काढला. चर काढायला कोणी सांगितलं नव्हतं. तवसं धरलं, पण फळमाशीने डंख केल्याने वाकडं झालं. तेच वाकडं तिने माटवीला बांधलं आणि आलेल्यागेलेल्याला त्याचा इतिहास सांगितला. विसर्जनानंतर ते पिकू दिलं, बी काढलं, राखेत घोळलं आणि आजीच्या चकतीशेजारी आपली वेगळी चकती थापली. वरती बोटाने खूण केली, म्हणजे माझ्या हातून घोटाळा नको.

यंदा ती दहा वर्षांची आहे. मृग लागून आठवडा झाला, तिच्या चकतीतल्या चार बिया रुजल्यात. आज सकाळी ती शाळेत गेल्यावर मी पाणी आणायला परड्यात गेले, तर एका रोपावर दोन तांबडे भुंगेरे. पान कडेने खायला लागलेले. ती येणार दुपारनंतर.

चुलीतली राख काढून वाटीत घेतली. वाफ्यापर्यंत गेले, चराच्या अलीकडे उभी राहिले. पडवीत बसून सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

मी परत फिरले आणि वाटी पडवीच्या पायरीवर ठेवली, ती दप्तर टाकते तिथेच.