‘सर, पीडीएफ आहे का?’

तालुक्याच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पूर्वी काउंटरवर पोरं पुस्तक मागायची; २०२० च्या लॉकडाउनपासून पीडीएफ मागतात. तेव्हापासून शिकलेल्या चार गोष्टी.

१. उतरवलं म्हणजे वाचलं नव्हे.
ग्रुपवर फाइल टाकली की पाच मिनिटांत सगळ्यांकडे पोचते. परीक्षेच्या आठवड्यात तीच पोरं म्हणतात, “सर, परत टाका ना. फोनमध्ये जागा नव्हती, उडवली.”

२. आवडीपेक्षा खिसा बोलतो.
सहा विषयांची नवी पुस्तकं घेणं बहुतेकांना झेपत नाही, म्हणून पीडीएफ. पुढे त्यातली दोन प्रकरणं झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्पायरल मारून येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पेन्सिलीच्या खुणा होतात त्या कागदावरच.

३. मराठी पीडीएफ बऱ्याचदा मुकी असते.
अर्थशास्त्राच्या एका मुलीनं फाइलमध्ये ‘लवचिकता’ शोधलं. निकाल शून्य. शब्द मात्र समोरच, ठळक अक्षरांत! फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाला मात्र रोमन अक्षरांची खिचडी. स्कॅन केलेली असेल तर नुसता फोटोच. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला सहसा क्षणात सापडतं. ही बिचारी अंगठ्यानं पानं सरकवत बसली. म्हणाली, “सर, हे पुस्तकच की. फक्त यात बोट घालून ठेवता येत नाही.”
आमच्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला फोन पुस्तक वाचून दाखवतो. त्याला छापील पुस्तकापेक्षा डिजिटलच हवं. पण तीच जुन्या फॉन्टची फाइल उघडली तर फोन अगम्य काहीतरी बडबडतो. तेव्हापासून ‘आजकालच्या पोरांना वाचायला नको’ हे वाक्य मी टाकून दिलं.

४. सूचनाफलकानं काही होत नाही.
गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची, कॉलेजांना ई-पुस्तकं पुरवणारी एन-लिस्ट योजना आमच्याकडे आहे. लाखभराहून जास्त ई-पुस्तकं, बहुतेक इंग्रजी. लॉगिनची सूचना महिनाभर फलकावर होती; दोघं आले. मग एकेकाला शेजारी बसवून त्याच्याच फोनवर, त्याच्याच विषयाचं पुस्तक उघडून दिलं. आता ती पोरं मित्रांनाही घेऊन येतात.

आता कुणी पीडीएफ मागितली की आधी मी तिच्यात एक शब्द शोधून बघतो. सापडला तर फाइल पाठवतो. नाही सापडला तर कपाटाची किल्ली काढतो.