सही करा, पण तारीख घालून

‘आपल्या अर्जातील मुद्द्यांत तथ्य आढळून येत नाही, सबब अर्ज नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ भेदभावाची तक्रार केलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच उत्तर येतं. पत्र घेऊन आलेला शिपाई समोर उभा असतो, त्याला पोचवहीत सही हवी असते. पहिली पायरी तिथेच. सही करा, सहीखाली मिळाल्याची तारीख घाला आणि पत्राच्या कोपऱ्यातही तीच तारीख लिहून ठेवा. टपालाने आलं असेल तर लिफाफा जपून ठेवा, त्यावरचा शिक्का पुढे कामाला येतो. रागाने पत्र नाकारून काही मिळत नाही. ‘स्वीकारण्यास नकार’ असा शेरा पडतो आणि मुदत चालू व्हायची ती होतेच.

मी कोल्हापुरातल्या एका कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. दुसऱ्यांचे अर्ज नस्तीत घातले, आणि एकदा माझाही अर्ज तिथेच गेलेला पाहिला. तो साडेसहा पानांचा होता. त्यात माझ्या सेवेची महती होती, साहेबांच्या स्वभावाचं वर्णन होतं, ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द प्रत्येक पानावर होता. माझ्या जागी दुसऱ्याला काय मिळालं, हे मात्र एका ओळीतही नव्हतं.

आता दुसरी पायरी. तुम्ही नक्की कोणाचे नोकर, ते ठरवा. प्रश्न खुळ्यासारखा वाटेल, पण निम्मी अपिलं इथेच वाट चुकतात. जिल्हाधिकारी कार्यालयातला महसूल सहायक, पोलिस शिपाई, सीपीआर रुग्णालयातली परिचारिका हे राज्य शासनाचे कर्मचारी. पोलिस शिपायाचे शिस्त व अपील नियम वेगळे, बाकी दोघांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम लागू, आणि तिघांसाठीही खात्याबाहेरचं दार म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे आपलं ‘मॅट’. जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि ग्रामसेवक मात्र मॅटमध्ये जाऊ शकत नाहीत. त्यांना जिल्हा परिषदेचे १९६४ चे वेगळे शिस्त व अपील नियम आहेत, आणि त्यापुढे थेट उच्च न्यायालय. महापालिकेचे कर्मचारीही मॅटच्या बाहेरच. टपाल खात्यातल्यांनी केंद्राचं ‘कॅट’ गाठायचं. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फ केलं, पदावनत केलं किंवा पदोन्नतीत डावललं, तर शाळा न्यायाधिकरण. तिथे मुदत फक्त ३० दिवसांची.

चुकीचं दार ठोठावलं तर काय होतं, याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण बीडचे पोलिस शिपाई ललित साळवे यांचं. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारली म्हणून ते २०१७ मध्ये उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितलं, हा सेवेचा वाद आहे, मॅटकडे जा. २०१८ मध्ये गृहखात्याने परवानगी दिली, ही गोष्ट वेगळी.

कोल्हापूरकरांचा हल्ली आणखी एक गैरसमज होतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे, सीपीआरसमोर सुरू झालं. वकिलांच्या चाळीसहून जास्त वर्षांच्या लढ्याचं ते फळ. पण म्हणून राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला मॅट टाळून तिथे जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने चंद्रकुमार खटल्यात १९९७ मध्येच क्रम लावून दिला आहे: आधी न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालयाचं द्विसदस्यीय पीठ. सर्किट बेंचची सोय खरी झाली ती जिल्हा परिषद आणि महापालिकेतल्या मंडळींची.

तिसरी पायरी: हातातला कागद ‘आदेश’ आहे की नुसतं ‘उत्तर’, ते पाहा. शिक्षा झाली, निलंबन झालं, पगार-भत्ते किंवा सेवेच्या अटी तुमच्या तोट्याने बदलल्या, तर तो अपीलयोग्य आदेश. त्याविरुद्ध आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्याची खात्री धरून चालू नका. टेबल काढून घेतलं, प्रशिक्षणाला पाठवलं नाही, गोपनीय अहवालात प्रतवारी घसरवली, अशा बाबतींत अपील नव्हे, वरिष्ठांकडे अभिवेदन करायचं. अहवालाची प्रतवारी, मग ती प्रतिकूल असो वा नसो, कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये सांगितलं आहे. कळवली नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

बदलीचं प्रकरण असेल तर २००५ चा बदल्यांचा कायदा उघडा. सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, बदल्या एप्रिल-मेमध्ये. मधेच किंवा मुदतीआधी हलवायचं असेल तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढे दोन शब्द म्हणजे कारण नव्हे. मूळ टिप्पणीत काय लिहिलंय, ते मिळवा.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबतो. तुलनेचा तक्ता करा.

भेदभाव कुणी आदेशात लिहून देत नाही. ‘तुम्ही अमुक जातीचे, म्हणून’ किंवा ‘तुम्ही बाई आहात, म्हणून’ असं वाक्य कुठल्याही नस्तीत सापडणार नाही. तो दिसतो फक्त दोन माणसं शेजारी ठेवली की. समजा, एका शाखेत सहा जण आहेत. गेल्या चार वर्षांत प्रशिक्षणाला कोण कोण गेलं, कोणाकडे कोणतं टेबल किती महिने होतं, निवडणुकीचं काम कोणाला किती वेळा लागलं, रजा कोणाची किती दिवसांत मंजूर झाली. नाव, पद, ज्येष्ठता क्रमांक, आदेशाचा क्रमांक, तारीख, असे रकाने पाडा. तुमची ओळ इतर पाचांपेक्षा वेगळी निघाली तर अपील उभं राहिलं. नाही निघाली, तर प्रामाणिकपणे दुसरा मुद्दा शोधा. अन्याय झाला असेल, पण तो भेदभावाचा नसेल.

या बाबतीत आपल्या गावाचा गुरू आहेच. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी रिकाम्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्याच हुकमाचा शेवटचा भाग कमी वाचला जातो: नेमणुकांचा तक्ता सर्व खातेप्रमुखांनी दर तिमाहीला पाठवायचा. नुसत्या हुकमाने कचेऱ्या हलत नाहीत, हे महाराजांना पक्कं ठाऊक असणार.

तक्त्याची माहिती मिळवायला माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. ‘मला का डावलले?’ असं विचारू नका. माहिती अधिकारी ‘का’चं उत्तर द्यायला बांधील नसतो. ज्येष्ठता यादी, आदेशांच्या प्रती, टिप्पणीचा भाग, नागरी सेवा मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. सहकाऱ्याचा गोपनीय अहवाल मागितलात तर नकार येईल. ती वैयक्तिक माहिती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे. आणि हिशेब करा: माहितीला ३० दिवस, अपिलाला ४५. म्हणून अर्ज पत्र हातात पडलेल्या आठवड्यातच टाका. माहिती वेळेत आली नाही तरी अपील थांबवू नका. ‘माहिती मिळताच पुरवणी निवेदन सादर करीन’ असं लिहून दाखल करा.

मग मसुदा. अपील स्वतःच्या नावाने, एकट्याचं. चौघांनी मिळून सह्या केलेलं चालत नाही. ते अपील प्राधिकाऱ्याला उद्देशून लिहायचं आणि एक प्रत आदेश काढणाऱ्याला द्यायची. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर वरचे अधिकारी सहसा पुण्याचे विभागीय आयुक्त. भाषा अनादराची किंवा अनुचित नको, ही नियमातलीच अट आहे, माझा सल्ला नव्हे. क्रम असा ठेवा: आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, घटना तारीखवार, तक्ता, कोणता नियम मोडला, संविधानाचे अनुच्छेद १४ आणि १६, आणि शेवटी मागणी. मागणी नेमकी हवी. ‘न्याय मिळावा’ ही मागणी नाही. ‘दिनांक अमुकचा आदेश रद्द करून मला अमुक पदावर त्या दिनांकापासून धरावे’ ही मागणी. तीन-चार पानांत बसवा. साहेबांचा स्वभाव वगळा.

देताना ‘योग्य मार्गाने’ द्या आणि एक आगाऊ प्रत थेट वर पाठवा. आवक शाखेतून तुमच्या प्रतीवर शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. ‘ठेवून जा, उद्या क्रमांक टाकतो’ म्हणणारा भला माणूस असेलही, पण त्याची उद्या बदली होऊ शकते. आवक घेतच नसतील तर पोचपावतीच्या टपालाने पाठवा. आमदारांचं पत्र जोडायचा मोह मात्र आवरा. बाहेरचं वजन आणणं वर्तणूक नियमांत बसत नाही, आणि तुमच्या अपिलाऐवजी त्या पत्राचीच चौकशी लागते. वर्तमानपत्रातल्या बातमीचंही तेच.

काही दारं वेगळी आहेत. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. समितीच्या शिफारशी मान्य नसतील तर अपील ९० दिवसांत. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी ठेवला आहे. त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता किंवा खाली आणता येत नाही, हे त्याच कायद्याचं कलम २०. अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्यांना आयोगाकडे जाता येतं. आयोग कागदपत्रं मागवतो, अधिकाऱ्यांना बोलावतो, त्याने पुष्कळ गाठी सुटतात. पण आयोगाला स्थगिती देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं आहे. आयोगाकडे अर्ज पडून आहे म्हणून मॅटची मुदत थांबत नाही.

मॅटची मुदत अशी. अपिलाचा अंतिम निकाल विरुद्ध गेला तर त्या तारखेपासून एक वर्ष. निकालच आला नाही तर सहा महिने वाट पाहायची आणि त्यानंतर एक वर्ष. इथे फार जण बुडतात. एक अभिवेदन, मग स्मरणपत्र, मग दुसरं, तिसरं, साहेब बदलले की नव्याने पहिलं. आपण लढतोय असं वाटत राहतं आणि मुदत निघून जाते. वारंवार अर्ज केल्याने मुदत वाढत नाही, हे राठोड खटल्यात १९८९ मध्ये सात न्यायमूर्तींनी सांगून ठेवलं आहे. तेव्हा एक अपील, फार तर एक स्मरणपत्र, आणि कॅलेंडरवर लाल खूण.

मॅटची पीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. कोल्हापूर मुंबईकडे. ठरावीक नमुन्यातला मूळ अर्ज, शुल्क ५० रुपये, सोबत आदेश, अपील, आवक शिक्क्याची प्रत आणि तो तक्ता. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. मात्र बदलीला स्थगिती मागायची असेल तर वकील करा, तिथे दिवसांचा खेळ असतो. एक लक्षात घ्या: अर्ज मॅटने दाखल करून घेतला की त्याच विषयावर खात्यात चालू असलेलं तक्रार निवारण संपुष्टात येतं. खात्यात मिटायची खरी शक्यता दिसत असेल तर घाई नको.

तारखेला जायचं म्हणजे आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. त्या दिवसाची किरकोळ रजा आधी लेखी मंजूर करून घ्या आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याच अर्जात मागा. ज्या साहेबांविरुद्ध चाललात, त्यांच्याच सहीने. तोंडी ‘जा’ म्हणाले तरी सही घ्या, नाहीतर परत याल तेव्हा टेबलावर विनापरवानगी गैरहजेरीचं ज्ञापन पडलेलं असेल.