तकली आणि सुया

घरीं कातलेल्या लोकरीचें कांहीं तरी आपल्याच हातानें विणावें, अशी हौस पुष्कळ विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातांसही असते. हौस चांगली आहे. परंतु कातणें आणि विणणें हीं दोन्ही कामें एकाच घरांत, त्याच हातांनीं चालवूं लागलें म्हणजे तीं एकमेकांच्या कशीं आड येतात, हें आम्हांस एका हिवाळ्यांत कळून आलें.

दसऱ्याच्या दिवशीं आम्हीं आजीस शब्द दिला कीं, या थंडींत तुला आमच्या हातच्या सुताची बंडी घालावयास मिळेल. मऊ पांढरी लोकर आणून, ती पिंजून तिचे पेळू केले होते, व तकलीवर चार लडीही निघाल्या होत्या. तेवढ्या सुतावर बंडीचा पुढचा भाग पंधरा दिवसांत तयार झाला आणि सूत संपलें. नवें सूत निघेपर्यंत सुया रिकाम्या कशाला ठेवाव्या, म्हणून बाजारच्या लोकरीची धाकट्या भावाची टोपी सुरू केली. ती अर्धी होते न होते तोंच मावशीच्या बाळाचे मोजे घेतले. आणि, खरें सांगावयाचें तर, स्वतःसाठीं एक गळपट्टाही. दिवाळी सरली तेव्हां चार कामें हातांत होतीं, एकही पुरें नव्हतें, आणि तकली कोनाड्यांत पडून होती. आजी कांहीं बोलली नाहीं. बंडीचा तो एकटा पुढचा भाग ती रात्रीं गुडघ्यांवर पसरून बसे. तें पाहून मात्र आम्हांस लाज वाटली.

मग घाईघाईनें सूत काढलें व पाठ विणली. टाके तितकेच, सुया त्याच, विणणारे हातही तेच. तरी दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून पाहतों तों पाठ दोन इंच अधिक रुंद! यांत चमत्कार नाहीं, साधें त्रैराशिक आहे. पुढच्या भागांत इंचाला पांच टाके बसत होते, म्हणून ९० टाक्यांचे १८ इंच झाले. घाईचें सूत किंचित् जाड होतें. त्याचे इंचाला साडेचारच टाके बसले व तेच ९० टाके २० इंच भरले. इंचामागें अर्ध्या टाक्याचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण ३६ इंच छातीच्या अख्ख्या बंडींत तो चार इंचांचा होतो.

दुसरें दुखणें पिळाचें होतें. एकपदरी सुतांत सगळा पीळ एकाच दिशेचा असतो आणि तो उलगडूं पाहतो. त्यामुळें सुयांवर विणलेला चौकोन एका अंगास कलतो. पुढचा भाग दुपदरी सुताचा होता. पाठीच्या वेळीं वेळ वांचविण्यासाठीं आम्हीं एकपदरीच सूत घेतलें, म्हणून ती रुंद तशी वांकडीही झाली. दोन पदर एकत्र घेऊन तकली उलट दिशेनें फिरविली म्हणजे मूळचा पीळ थोडा सुटतो आणि दोन्ही ओढी एकमेकींस तोलून धरतात. अशी लड सैल धरली असतां तिला वेटोळीं पडत नाहींत.

येथें कोणी विचारील कीं, धनगराचें घोंगडें तर एकपदरी लोकरीचें, मग तें कां वांकडें होत नाहीं? मागाचें काम आणि सुयांचें काम या दोहोंसही आपण विणणेंच म्हणतों, त्यामुळें हा घोटाळा होतो. मागावर ताणा ताठ ओढलेला असतो, त्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, व आडवा धागा त्यास जखडून ठेवतो. सुयांवरचा धागा फासाफासांतून सैल फिरतो. त्यास आवरणारें कोणी नसतें.

आतां सूत किती हवें तें पाहूं. मोठ्या माणसाच्या बिनबाह्यांच्या बंडीस मध्यम जाडीचें दुपदरी सूत सुमारें ७०० वार धरावें. म्हणजे एकपदरी झालें १,४०० वार. एका संध्याकाळीं आमच्या हातून १०० वार निघत. तेव्हां चौदा संध्याकाळ नुसत्या कातण्यांत जाणार, शिवाय दोन पदर पिळण्याच्या तीन-चार निराळ्या. हा हिशोब आम्हीं शब्द देण्यापूर्वीं केला असता तर आजीस संक्रांत सांगितली असती!

तेव्हांपासून एका वस्त्राचें सगळें सूत कातून, धुऊन, वाळवून हातीं आल्यावांचून आमच्या घरीं त्याचा पहिला टाका सुईवर चढत नाहीं. धुण्याचें कारण असें कीं पाण्यांतून निघाल्यावर लोकर फुगते, आणि न धुतलेल्या सुतावर घेतलेलें माप खोटें ठरतें. पाणी कोमट असावें व लोकर चोळूं नये. कढत पाण्यांत चोळली कीं तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो. कातणाऱ्याचा हात रोज थोडा बदलतो, म्हणून पहिल्या दिवशींच्या सुताचा तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळून जवळ ठेवावा व चालू धागा वारंवार त्याशेजारीं धरून पाहावा. इतकें करूनही लडींत फरक राहिलाच, तर दोन लडी घेऊन दोन-दोन ओळी आळीपाळीनें विणाव्या; फरक सगळ्या वस्त्रांत विरून जातो.

सुयांवर आम्ही आतां दोनच कामें ठेवतों: एक मोजून करावयाचें, एक न मोजतां होणारें. भावाकडून पाढे म्हणवून घेतांना टोपीचे सुलटे टाके बिनचूक पडतात. बंडीच्या बगलेपाशीं टाके कमी करावयाचे असले तर मात्र दार लोटून बसावें लागतें. आम्हीं हें एकदां पाहुण्यांसमोर केलें आणि सारी ओळ उसवावी लागली. कातणें दिवसाच्या उजेडीं चांगलें.

आजीची ती पाठ अर्थातच उसवली. तें जाड सूत मोज्यांस उपयोगीं पडलें. नवें दुपदरी सूत काढून बंडी पुरी झाली तेव्हां थंडी ओसरत आली होती. तरी आजी शिमग्यापर्यंत रोज पहाटे ती अंगांत घालून चुलीपाशीं बसत असे, आणि ऊन वर आलें तरी लौकर काढीत नसे.